प्रॉपर्टीच्या गोदामातून वस्तू आणताना: यादी, चलन, वापर, परतावा

रंगपट (धागाकर्ते)

नाटक असो की चित्रपट, प्रॉपर्टीच्या, म्हणजे प्रवेशात वापरायच्या सामानाच्या, गोदामाशी व्यवहार बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच कागदावर. यादीत लिहिलेलं असतं ‘खुर्ची २, टेबल १, टेलिफोन १, पत्र १’. एवढ्यावर गोदामवाला फक्त ‘खुर्च्या आहेत’ असं सांगू शकतो. त्यातली कुठली द्यायची, हे ती प्रवेशात काय करते त्यावर ठरतं. तिच्यावर कुणी बसतं, उभं राहतं, की तिला लाथ मारून पाडतं? या तिन्हींसाठी वेगवेगळ्या खुर्च्या निघतात. म्हणून यादीत वस्तूच्या नावापेक्षा तिचं काम जास्त महत्त्वाचं.

संहिता वाचताना प्रत्येक वस्तूपुढे एवढं लिहावं: प्रवेश क्रमांक, कथेचा काळ, कोण हाताळतं, नेमकं काय घडतं, जवळून दिसणार की लांबून, किती नग, आणि जागा ठरलेली असेल तर लांबी-रुंदी-उंची. मापाचा रकाना हमखास रिकामा राहतो. मग कपाट सेटच्या दारातून आत जात नाही आणि दाराची चौकट काढावी लागते.

नगांचा हिशेब लिहूनच करा. पात्र पत्र फाडतं असं धरू. कॅमेऱ्याच्या जागा ३, प्रत्येक जागेवरून ४ टेक, म्हणजे १२ पत्रं. तालमीला २, राखीव २. एकूण १६. ती सगळी एकाच हातानं लिहिलेली, एकाच घडीवर दुमडलेली हवीत, नाहीतर एका शॉटमध्ये घडी आडवी आणि पुढच्यात उभी दिसते. अशा संपणाऱ्या वस्तू गोदामात मिळत नाहीत, त्या तयार कराव्या लागतात. गोदामाकडे जाते ती परत येणाऱ्या वस्तूंची यादी. या दोन याद्या आधीच वेगळ्या केल्या की निम्मा घोळ मिटतो.

गोदामाची बाजू जाणणाऱ्यांनी पुढचं लिहावं.

---

गोदामघर

रंगपट, कामाचा रकाना असलेली यादी आली तर आमच्याकडची निवड अर्ध्या वेळात होते.

निवडलेल्या वस्तूला चिठ्ठी लागते. तिच्यावर निर्मितीचं नाव, उचलण्याची तारीख, परतीची तारीख. याला ‘होल्ड’ म्हणतात. होल्ड म्हणजे आरक्षण नव्हे. त्याच वस्तूवर दुसऱ्या निर्मितीचा दुसरा होल्ड लागू शकतो, आणि त्यांनी रीतसर मागणीपत्र दिलं तर पहिल्याला विचारलं जातं: पक्कं करता की सोडता? उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. ‘आम्ही चिठ्ठी लावली होती’ यावर विसंबून राहणाऱ्यांची वस्तू ऐनवेळी हातातून जाते.

भाडं साधारणपणे आठवड्यावर असतं आणि वस्तूच्या बदली-किमतीच्या प्रमाणात ठरतं. बदली-किंमत म्हणजे ती वस्तू हरवली तर तशीच दुसरी आणायला येणारा खर्च. नुकसानभरपाईही त्याच आकड्यावर होते, म्हणून सही करण्याआधी चलनावर, म्हणजे वस्तूंसोबत जाणाऱ्या नोंदीच्या कागदावर, हा आकडा आहे का ते बघा. उचलण्याचा आणि परतीचा दिवस भाड्यात धरतात की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. तेही आधीच विचारावं.

आता चलन. त्यावर ‘चहाची किटली १’ असं कधीही लिहू देऊ नका. ‘किटली १, झाकण १, आतली गाळणी १’ असं लिहा. हरवते ती किटली नव्हे, झाकण. काचेच्या सुरईचं बूच, कपाटाची किल्ली, झुंबराचे लोलक, टेबलाची जोडफळी, दिव्याची चिमणी, भिंतीवरच्या घड्याळाची चावी, सगळ्यांची हीच गत. झुंबर जाताना लोलक मोजून आकडा चलनावर टाकतात. परतताना ६४ ऐवजी ६१ भरले तर त्या ३ लोलकांसाठी तसा साचा शोधावा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही.

लंबकाच्या घड्याळाचं जरा सविस्तर लिहितो, कारण ते सगळ्यात जास्त मोडून येतं. लंबक एका पातळ पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर टांगलेला असतो. ती स्प्रिंग कागदाइतकी पातळ. घड्याळ लंबकासकट उचललं की लंबक झोके घेतो, स्प्रिंग पिळली जाते आणि वाकते किंवा तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त घड्याळ चालत नाही. म्हणून आधी दार उघडा, लंबक एका हातानं धरून किंचित वर उचला, हुकातून सोडवा, कागदात गुंडाळा. घड्याळाचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात चावी आणि लंबक एकत्र ठेवा. सेटवर आवाज नको म्हणून घड्याळ बहुधा बंदच ठेवतात, तेव्हा लंबक तसाही लागत नाही. काटे हलवायचे झाले तर मिनिटकाटा पुढच्या दिशेनं फिरवा. ठोके देणाऱ्या घड्याळाचा काटा उलटा फिरवला तर ठोक्यांची यंत्रणा बिघडू शकते.

---

तिसरी घंटा

नाटकाच्या बाजूनं थोडं. चित्रपटात वस्तू ४ दिवस वापरली जाते, नाटकात तीच शंभर प्रयोग काढते. म्हणून नाटकासाठी निवडताना शोभेपेक्षा सांधे आधी बघावेत. खुर्ची उलटी करून पायांच्या जोडांवर जोर द्या. ‘कर्र’ वाजलं किंवा किंचित हललं तर ती कितीही देखणी असली तरी सोडा. तालमीत आज बारीक हलणारा सांधा पंधराव्या प्रयोगाला निखळतो, आणि प्रेक्षकांसमोर ‘कट’ म्हणायची सोय नसते.

पात्र खुर्चीवर किंवा टेबलावर उभं राहणार असेल तर गोदामाला आधीच सांगा. आतून पट्टी मारून बळकटी द्यायची तर ते काम त्यांच्याच सुतारानं करायचं असतं. भाड्याच्या वस्तूला परस्पर भोक पाडणं, पाय कापणं, रंग मारणं हे करारात नसतं. स्टेजला उतार असला की फर्निचर डुलतं आणि पाय कापायचा मोह होतो. त्याऐवजी पुढच्या पायांखाली उताराच्या मापाच्या पाचरी लावाव्यात आणि त्यांना खालून रबर चिकटवावं.

विंगेतलं प्रॉपर्टीचं टेबल हा प्रयोगाचा खरा आधार. टेबलावर जाड कागद पसरायचा, प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती रेघ ओढायची, आत वस्तूचं नाव आणि अंक-प्रवेश लिहायचा. डाव्या विंगेचं टेबल वेगळं, उजव्या विंगेचं वेगळं. डावीकडून नेलेली वस्तू उजवीकडे बाहेर येत असेल तर दोन्ही टेबलांवर चौकट हवी, एकीवर ‘सुरुवात’ आणि दुसरीवर ‘परत’. पडदा उघडण्याआधी रिकामी चौकट अंधुक उजेडातही दिसते. यादी वाचत बसण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. प्रयोग संपल्यावर पुन्हा त्याच चौकटी भरायच्या, म्हणजे हरवलेली वस्तू त्याच रात्री कळते.

आणि लांब चालणाऱ्या नाटकाला भाडं परवडत नाही. भाडं आठवड्याला बदली-किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकं असेल तर दहा आठवड्यांत वस्तूची पूर्ण किंमत जाते आणि वस्तू तरी आपली होत नाही. लांब मुदतीचा वेगळा दर मागावा, नाहीतर रोज मार खाणाऱ्या वस्तू बनवून घ्याव्यात आणि शोभेच्या भाड्यानं आणाव्यात.

---

सलगता

तिसरी घंटा यांच्याशी सहमत, फक्त चित्रपटातही ‘४ दिवसांचं काम’ असं धरून चालत नाही. जी वस्तू कथेत महत्त्वाची आहे, जिचा क्लोजअप आहे, ती शेवटच्या दिवशी परत करू नये. संकलन बसलं की एखादा शॉट अपुरा निघतो, आणि तोवर क्लोजअपमधली कोरीव पेटी दुसऱ्या निर्मितीकडे गेलेली असते. अशा वस्तूंवर पहिला कट, म्हणजे चित्रपटाचं पहिलं संकलित रूप, पास होईपर्यंत भाडं चालू ठेवायचं. पूर्ण दिवाणखाना ठेवायची गरज नाही, मोजक्या पाच-सात वस्तू पुरतात.

गोदामात एकच नग असलेली वस्तू मारामारीत किंवा पाण्यात वापरायची असेल तर तिच्या प्रती लागतात. साधारण तीन पातळ्या असतात: क्लोजअपची मूळ वस्तू, मधल्या अंतराची हलकी प्रत, आणि अंगावर पडणारी रबराची किंवा फोमची. प्रत बनवण्यासाठी साचा काढायचा असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. साच्यासाठी लावलेलं सिलिकॉन सच्छिद्र लाकडात आणि कच्च्या मातीत शिरतं आणि तेलकट डाग कायमचा राहतो.

भिंतीवर टांगायची चित्रं, छायाचित्रं, पोस्टर्स निवडताना गोदामाला विचारा की ते हक्कमुक्त आहे का. चित्र भाड्यानं मिळालं म्हणजे ते पडद्यावर दाखवायचा हक्क मिळाला असं होत नाही. वस्तूची मालकी आणि चित्रावरचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी. काही गोदामं हक्कांची कागदपत्रं असलेली चित्रं मुद्दाम वेगळी ठेवतात.

---

दिवाबत्ती

विजेवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल. ‘टेबलदिवा १’ असं लिहू नका, ‘टेबलदिवा, खरोखर लागतो, डिमरवर मंद होतो’ असं लिहा. जुन्या दिव्याची वायर कापडी वेष्टणाची असते, आतलं रबर वाळून तडकतं. धातूच्या दिव्यात तोच करंट बाहेरच्या नळीला येतो. गोदामानं वायर बदलली आहे का, अर्थिंग आहे का, तपासणीची चिठ्ठी आहे का, हे विचारूनच उचला.

थिएटरच्या डिमरवर एकटा एलईडी बल्ब लावला की तो लुकलुकतो किंवा पूर्ण विझतच नाही, कारण डिमरला किमान भार लागतो आणि ५ वॉटचा बल्ब तो देत नाही. उपाय सोपा: त्याच लाइनवर विंगेत, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी, ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब समांतर जोडायचा. तो गरम होतो, त्यामुळे पडद्यापासून लांब. आणि ही जोडणी इलेक्ट्रिशियनच्याच हातून.

जुना चित्रनळीचा टीव्ही कॅमेऱ्यात आडवा पट्टा सोडतो. ५० हर्ट्झवर चालणारा टीव्ही असेल तर कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवला की पट्टा जातो किंवा एका जागी थांबतो. २४ फ्रेमवर तो हळूहळू सरकत राहतो. टीव्हीचं मागचं झाकण मात्र कुणीही उघडू नये. रंगीत चित्रनळीला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ साठून राहतो.

टेलिफोन वाजायचा असेल तर आवाज स्पीकरमधून सोडण्यापेक्षा फोनचीच घंटा वाजवा, दिशा बरोबर येते. जुन्या फोनच्या घंटेला साधारण ७५ ते ९० व्होल्ट एसी, २० ते २५ हर्ट्झ लागतं. घरातल्या विजेच्या लाइनला तो थेट जोडायचा नाही, त्यासाठी रिंगिंग बॉक्स मिळतो. रिसीव्हर उचलताच घंटा थांबली पाहिजे, म्हणून बटण धरणाऱ्या माणसाला पात्राचा हात दिसेल अशीच जागा द्या.

---

जुनापुराणा

काळाच्या चुका गोदामातच पकडता येतात, फक्त वस्तू उलटी करून बघायची तयारी हवी. कपाटाच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले आणि कथा १९०० सालची असेल तर ते बदलून घ्या. फिलिप्सचे हे स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आले. एकच सरळ खाच असलेले स्क्रू गोदामवाल्याकडं डबाभर असतात. बटणांचा टेलिफोन ग्राहकांना १९६३ पासून मिळू लागला, त्याआधीच्या घरात तबकडीचाच हवा. पुडक्यावरचा बारकोड दुकानात पहिल्यांदा स्कॅन झाला तो १९७४ मध्ये, त्यामुळे १९६५ च्या स्वयंपाकघरात बारकोड दिसला की तो झाकायलाच हवा.

अक्षराचंही तसंच. १९३० सालचं पत्र बॉलपेननं लिहिलं की क्लोजअपमध्ये रेघ एकसारख्या जाडीची दिसते. टाकानं किंवा निबेनं लिहिलेल्या रेघेत दाब देताना जाडी वाढते आणि शाई वळणावर साचते.

पुस्तकं नगावर नाही, फुटावर भाड्यानं मिळतात. ‘८ फूट, चामडी पाठ, गडद रंग’ असं सांगायचं. फळीवर नुसत्या पाठी हव्या असतील तर तेही सांगा. खरी पुस्तकं मीटरभर फळीवर २० ते ३० किलो भरतात. सेटच्या भिंती पोकळ चौकटींच्या असतात, त्यांना मागून तिरके आधार आणि वजनं न देता अशी पाच फळ्यांची मांडणी केली तर भिंतच पुढं झुकते.

---

नवखा

सगळेच प्रतिसाद उपयोगी. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. फुटणाऱ्या बाटल्या आणि बंदुका गोदामातून कशा घ्याव्यात?

---

रंगपट

फुटणारी बाटली साखरेची किंवा ठिसूळ रेझिनची असते. साखरेची दमट हवेत चिकट होते, दिव्यांच्या उष्णतेत वाकते, म्हणून त्याच दिवशी बनवलेली आणि थंड, कोरड्या पेटीत ठेवलेली हवी. रेझिनची जास्त टिकते, पण बंद गाडीत उन्हात ठेवली तर तीही बसते. उचलताना मानेला धरलं की हातातच तुटते, म्हणून तळाशी आधार द्यायचा. तिचे तुकडेही डोळ्यात जाऊ शकतात, चेहऱ्यावर मारायची नाही. ओतण्याच्या, ग्लासला टेकवण्याच्या शॉटला त्याच आकाराची खरी बाटली वापरायची आणि कटवर बदलायची. दोन्हींना एकसारखं लेबल लावायचं हे विसरतं.

---

गोदामघर

बंदुकांवर वेगळं लिहितो, आणि यात घाई नको. पडद्यावर फक्त हातात दिसणारी बंदूक रबराची किंवा भरीव प्रतिकृती घ्या. झाडायची असेल तर ती साध्या प्रॉपर्टीच्या माणसाकडे कधीच देऊ नये. परवानाधारक शस्त्रतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय गोदामातून ती निघत नाही. तिची नोंद वेगळ्या वहीत, कपाट कुलपात, आणि शॉट संपला की लगेच परत त्याच्याच हातात.

१९९३ मध्ये ब्रँडन ली या अभिनेत्याचा सेटवर मृत्यू झाला, त्यामागचं कारण समजून घ्या म्हणजे एवढ्या काटेकोर नियमांचा अर्थ कळेल. क्लोजअपसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवली होती, पण तळाची टोपी, म्हणजे प्रायमर, जिवंत राहिली. चाप ओढल्यावर प्रायमरनं गोळी नळीत ढकलली आणि ती तिथंच अडकली. कुणी नळी तपासली नाही. पुढं त्याच बंदुकीत ब्लँक, म्हणजे दारू असलेलं पण गोळी नसलेलं काडतूस, भरलं गेलं, आणि ब्लँकच्या दाबानं अडकलेली गोळी बाहेर पडली. म्हणजे ‘ब्लँकच आहे’ हे वाक्य पुरत नाही. प्रत्येक वेळी नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे, आणि तो शस्त्रतज्ज्ञानं अभिनेत्याला दाखवला पाहिजे.

---

सुतारकी

वस्तू जुनी दाखवण्याबद्दल. भाड्याच्या फर्निचरवर ‘थोडा मळ लावू’ असं म्हणत लोक रंग मारतात आणि नुकसानभरपाई देतात. परत निघणाऱ्या गोष्टीच वापरा. मुलतानी माती कोरडी, मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, धूळ दाखवायला उत्तम. नाकावर मास्क लावा, ती फुफ्फुसात जाऊ नये. खाचांमध्ये पाण्यात कालवलेला रंग चालतो, पण आधी फर्निचरच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून पुसून बघा. चमक कमी करायला कॅमेऱ्याचा डलिंग स्प्रे किंवा मेणाचा पातळ हात, दोन्ही नंतर पुसता येतात. न पॉलिश केलेल्या लाकडावर यातलं काहीही नको, ते आत मुरतं.

गॅफर टेप (सेटवरची कापडी चिकटपट्टी) जुन्या व्हिनिअरवर, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थरावर, किंवा सोनेरी मुलाम्यावर चिकटवू नये. काढताना मुलामा टेपसोबत येतो. प्लास्टिकची ताणपट्टी थेट पॉलिशवर गुंडाळली तर आत दमट हवा अडकते आणि पॉलिशवर पांढुरके डाग उठतात. आधी ब्लँकेट, मग ताणपट्टी.

काचेच्या फ्रेममध्ये दिव्याचं प्रतिबिंब येत असेल तर फ्रेमच्या मागं वरच्या कडेला बुचाचा तुकडा लावून ती किंचित पुढं झुकवावी. काच काढायचीच झाली तर ती उभी ठेवावी, आडवी नाही.

---

गोदामघर

कुणी साठवणुकीबद्दलही विचारतं, तर एवढंच: सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर लाकूड आणि चामडं दोन्ही शांत असतात. ६५ च्या वर गेली की चामड्यावर बुरशी येते. गालिचे नळीवर गुंडाळून, घडी कधीच नाही. बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूतून बॅटरी काढून ठेवावी, गळलेला क्षार स्प्रिंग खातो. लोकरी कापडात कसर दिसली तर ते पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांवर २ आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं.

---

सलगता

शेवटी गाडी आणि परतावा, कारण इथंच सगळी हरवाहरवी होते. गाडीत जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. संगमरवरी टेबलाचा वरचा दगड आडवा ठेवायचा नाही, कडेवर उभा. आडवा ठेवला की खड्ड्यात मधोमध तडकतो. आरसेही तसेच. खण असलेलं कपाट जाताना खण बंद राहतील अशी कापडी पट्टी बांधा.

परतीच्या यादीत चलनाचाच क्रम ठेवा, नवी यादी करू नका. मोजणी सेटवर, गाडीत चढण्याआधी. गोदामाच्या दारात मोजताना एखादी किल्ली कमी निघाली तर ती सेटवरच्या कचऱ्यात गेलेली असते आणि सेट तोवर मोडलेला असतो. जाताना काढलेले फोटो, चारही बाजू आणि खालचा भाग, परतताना त्याच कोनातून पुन्हा काढा. जुना ओरखडा आपला नव्हता हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. मोडलेली वस्तू परस्पर डिंकानं चिकटवून देऊ नका. तुकडे एका डब्यात गोळा करून, क्रमांक लिहून, तसेच द्या. चुकीचा डिंक आधी काढायलाच कारागिराला जास्त वेळ लागतो.

---

नवखा

धन्यवाद सगळ्यांना. यादीत ‘सोबतचे सुटे भाग’ असा आणखी एक रकाना घातला आहे.

---

गोदामघर

घाला, आणि त्याच्या शेजारी ‘जाताना मोजलं, येताना मोजलं’ असे दोन चौकोन ठेवा. सही दोन्ही वेळेला मोजणाऱ्याच माणसाची घ्यायची, गाडीवानाची नाही.